पायांची आग : औषधाने किती, औषधाविना किती

बँकेतून निवृत्त होऊन मुरुडला स्थायिक झालो तेव्हा पहाटे समुद्रावर फिरावे, दुपारी वाचावे आणि रात्री लवकर निजावे, एवढाच बेत मनाशी होता. पहिल्या दोन गोष्टी जमल्या. तिसरी मात्र जवळजवळ दोन वर्षे जमली नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही तळपायांत आग सुरू होई. पातळ चादरीचा स्पर्शही सहन होत नसे. मी पाय चादरीबाहेर काढून गार फरशीवर टेकवीत असे आणि समुद्राची गाज ऐकत उजाडण्याची वाट पाहत असे. नवल असे की, दिवसा त्याच पायातली चप्पल निसटलेली मला कळत नसे. एकाच पायात आगही असावी आणि बधिरपणाही असावा, हे कोडे काही केल्या उलगडत नव्हते.

या दुखण्याची वाच्यता आपल्याकडे सहसा होत नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर थर्मामीटरवर आकडा दिसतो. ही आग मात्र ज्याची त्यालाच ठाऊक. पेढीवर बसणाऱ्या माणसाने आपले दुखणे गिऱ्हाइकाला दाखवू नये, ही आपली जुनी रीत. मीही घरात कोणाला काही सांगितले नाही. सकाळी डोळे लाल दिसले की ‘रात्री वाचत बसलो होतो’ असे म्हणून वेळ मारून नेत असे. हा लेख लिहिण्याचे धाडस करतो आहे ते एवढ्याचसाठी की, आपल्या व्यापारी कुटुंबांत मधुमेह घरोघरी आहे, आणि माझ्यासारखे चादरीबाहेर पाय काढून जागणारे पुष्कळ असणार. मी वैद्यकातील जाणकार नव्हे. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर आहे. जे सोसले, डॉक्टरांना विचारले आणि वाचून पडताळले, तेच येथे मांडतो.

प्रथम या वेदनेची जात ओळखली पाहिजे. बोट कापले की जखमेपाशी वर्दी तयार होते आणि मज्जातंतू ती मेंदूपर्यंत पोचवितो. ही साधी वेदना. येथे निरोप्या प्रामाणिक असतो. मज्जातंतूच दुखावला तर मात्र निरोप्या स्वतःच खोट्या वर्द्या देऊ लागतो. जखम नसताना आग, धक्का नसताना विजेची चमक, सुई नसताना टोचणी. त्याच वेळी खरे निरोप त्याच्याकडून निसटतात. म्हणून काटा रुतलेला कळत नाही. मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी दुखावतात. त्यामुळे आरंभ पायांच्या बोटांपासून होतो, मोजा चढावा तसा त्रास वर चढतो आणि पुढे हातांच्या बोटांत दिसू लागतो. मला पडलेल्या कोड्याचे उत्तर इतके सरळ होते; फक्त ते कोणाला विचारण्यात मी दोन वर्षे घालविली.

त्या काळात मी काय करीत होतो? औषधाच्या दुकानातून दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या आणून घेत होतो. कधी रोज एक, कधी दोन. त्यांनी गुडघ्याला बरे वाटे, पायांची आग तसूभर कमी होत नसे. सूज उतरविणाऱ्या या नेहमीच्या गोळ्या मज्जातंतूंच्या वेदनेवर जवळजवळ निरुपयोगी ठरतात, आणि मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांना मात्र त्या जाचतात, हे मला नंतर कळले. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले तेव्हा कळले. मुद्दल तर वसूल झाले नाहीच, वर व्याजाचा भुर्दंड मलाच बसला.

दुसरी चूक त्याहून वाईट. कोणीतरी सांगितले म्हणून एका रात्री टोपात कढत पाणी घेऊन त्यात मीठ टाकले आणि पाय बुडवून बसलो. छान वाटले. पाणी किती तापले आहे, हे त्या पायांना कळतच नव्हते. सकाळी सौभाग्यवतींनी उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड पाहिला, आणि दोन वर्षांचे माझे गुपित त्या एका फोडाने उघडे पडले. तो भरून यायला पाच आठवडे लागले. मधुमेही पायावरची अशीच दुर्लक्षित जखम चिघळून पुढे बोट किंवा पाऊल कापावे लागते, हे ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेने शांतपणे सांगितले. त्यानंतर सौभाग्यवतींनी माझे काही एक ऐकले नाही. काशीद, साळाव, रेवदंडा, चौल असा सुमारे पन्नास किलोमीटरांचा प्रवास करून आम्ही अलिबाग गाठले.

तेथे झालेली तपासणी इतकी साधी होती की मला आधी विश्वास वाटेना. डॉक्टरांनी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा ठोकून अंगठ्याच्या हाडावर टेकविला आणि कंप जाणवतो का, असे विचारले. जाणवत नव्हता. मग नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून ‘लागले की हो म्हणा’ असे सांगितले. हा तंतू दहा ग्रॅमचा दाब पडताच वाकेल अशा बेताने बनविलेला असतो. सात ठिकाणी मी गप्प होतो. टाचेचे प्रतिक्षिप्त झटके पाहिले. सारे मिळून दहा मिनिटे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी, अशी शिफारस आहे. मला मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली होती आणि माझ्या पायांना असा तंतू तोवर कोणी लावला नव्हता. मीही मोजे काढून पाय कोणापुढे धरला नव्हता.

मग रक्तातील साखरेबरोबर बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी झाली. येथे आपल्या वाचकांनी थोडे थांबावे. बी-१२ धान्य, डाळी, भाज्या, फळे यांत नसते म्हटले तरी चालेल. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते आणि तेवढे अनेकदा पुरत नाही. त्यातच मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण घटते. म्हणजे शुद्ध शाकाहार आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही कारणे आपल्या घरातील साठीच्या माणसाच्या ठायी एकत्र येतात. बी-१२ कमी पडले तरी पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि सारे खापर साखरेवर फुटते. मधुमेहातील झीज पूर्णपणे उलटविता येत नाही. बी-१२ची कमतरता मात्र वेळीच सापडली तर भरून काढता येते. माझी पातळी दोनशेच्या खाली होती. इंजेक्शने झाली, आता गोळी चालू आहे. सुधारणा अतिशय मंद असते. दुखावलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर आपण जाणतोच.

एक सावधगिरीही सांगतो. ‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बी-६ हे जीवनसत्त्वही असते. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर उलट तेच मज्जातंतूंना इजा करते. तेव्हा दोन-तीन डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. अनोळखी पुड्यांचेही तसेच. त्यांतल्या काहींत शिसे किंवा सोमल सापडलेले आहे आणि हे दोन्ही मज्जातंतूंचे शत्रू आहेत.

आता मुख्य औषधांकडे वळतो. डॉक्टरांनी ‘ही नैराश्याची गोळी आहे’ किंवा ‘ही फिट्सवरची आहे’ असे म्हटले की रोगी बिचकतो. मीही बिचकलो. परंतु मज्जातंतूंच्या वेदनेवर उपयोगी पडणारी औषधे याच दोन कुळांतली आहेत. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही मूळची नैराश्यावरची. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही फिट्सच्या कुळातील. खोट्या वर्द्या देणाऱ्या तंतूंना शांत करणे हे त्यांचे काम.

ती किती गुण देतात? बँकेतील माणूस हा प्रश्न आकड्यांतच विचारणार. लॅन्सेट न्यूरॉलॉजी या नियतकालिकात २०१५ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. खोट्या गोळीपेक्षा एका जादा रुग्णाची वेदना निम्म्याने कमी व्हावी, यासाठी किती रुग्णांना औषध द्यावे लागते, असे ते मोजमाप होते. अमिट्रिप्टिलिनच्या कुळासाठी हा आकडा ३.६, ड्युलोक्सेटिनच्या कुळासाठी ६.४ आणि प्रीगॅबालिनसाठी ७.७ असा निघाला. हे वाचून मला आधी निराशा वाटली आणि मग हायसे वाटले. निराशा अशासाठी की रामबाण कोणतेच नाही. हायसे अशासाठी की पहिल्या गोळीने गुण आला नाही तर दोष माझा नव्हता. दुसरी करून पाहणे हाच त्यावरचा रिवाज आहे.

इंग्लंडमधील एका चाचणीने हा मुद्दा अधिक स्पष्ट केला. मधुमेहाने पाय दुखणाऱ्या १३० रुग्णांना अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन आळीपाळीने देऊन २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. शून्य ते दहाच्या मापावर सरासरी ६.६ असलेली वेदना तिन्ही मार्गांनी ३.३ पर्यंत उतरली. ज्यांना एका औषधाने पुरेसा आराम पडला नाही त्यांना दोन औषधे जोडून दिल्यावर थोडा अधिक उतार पडला. म्हणजे कोणती गोळी सर्वांत भारी, या वादात अर्थ नाही. आपल्याला कोणती सोसते, हे पाहायचे. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर अमिट्रिप्टिलिन डॉक्टर टाळतात. प्रीगॅबालिनने झापड येते, तोल जातो, पाय सुजतात, वजन वाढते. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते. म्हणून प्रारंभ अल्प मात्रेने करतात आणि ती आठवड्या-आठवड्याने वाढवितात. गुण कळायला काही आठवडे लागतात. आपल्यापैकी बरेच जण चौथ्याच दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बाटली कोपऱ्यात ठेवून देतात.

आणि सुरू झालेली गोळी एकाएकी बंद करू नये. हे मी अनुभवाने लिहितो. पर्युषणात उपवास धरले तेव्हा कोणालाही न विचारता मी प्रीगॅबालिन थांबविली. दुसऱ्या रात्री झोप उडाली, दरदरून घाम सुटला, जीव घाबरा झाला. ती उपवासाची ग्लानी असावी असे मला वाटले. ती औषध अचानक तोडल्याची शिक्षा होती. या औषधाची सवय लागू शकते, काही जण त्याचा गैरवापरही करतात. म्हणून ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन यांवर कायद्याने नियंत्रण आणले आहे. घाबरून घेऊच नये असा याचा अर्थ नव्हे. डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच चढवावे आणि त्यांच्याच सांगण्यावरून हळूहळू उतरवावे, एवढाच अर्थ.

या ओघात आपल्या घरांत येणारे आणि डॉक्टरांपुढे संकोचाने दाबले जाणारे दोन प्रश्न आहेत. पहिला कॅप्सूलचा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे-कातडी यांपासून बनते. हे खटकणाऱ्याने गुपचूप कॅप्सूल फोडून आतली पूड घेऊ नये. ड्युलोक्सेटिनमधील दाणे जठरातील आम्लापासून वाचावेत असे लेप देऊन बनविलेले असतात. ते चुरडले की औषध वाया जाते. त्याऐवजी सरळ विचारावे. प्रीगॅबालिन व गॅबापेंटिन गोळीच्या रूपातही मिळतात आणि वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही असतात. दुसरा प्रश्न चौविहाराचा. ही औषधे बहुधा ‘रात्री झोपताना’ लिहून दिलेली असतात आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारा माणस ती एक तर टाळतो किंवा अपराधी मनाने घेतो. मी हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी वहीत लिहिलेली वेळ खोडून ‘सायंकाळच्या जेवणाबरोबर’ असे लिहिले. साडेआठलाच डोळे मिटू लागतात, इतकेच. प्रत्येक औषधाचे असे जमेलच असे नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि उपवास यांचा हिशेब तर आधीच बसवून घेतला पाहिजे, कारण काही गोळ्यांवर उपाशी राहिले की साखर धोकादायकरीत्या खाली जाते. विचारण्यात कमीपणा नाही. गुरुमहाराजांनाही विचारावे, रुग्णासाठी आगार असतात.

मज्जातंतूंची वेदना पायांतच असते असे मात्र नाही. माझे एक स्नेही कापडाचे व्यापारी. दात घासताना, गार वारा लागला की, एका बाजूच्या जबड्यात वीज चमकल्यासारखी कळ येई. दातांचे दुखणे समजून दोन दाढा काढून झाल्या, कळ तशीच. अखेरीस तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार निघाला, त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. अभिनेता सलमान खान यांनी या विकारावर २०११ मध्ये अमेरिकेत उपचार घेतले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले होते. यावर कार्बामाझेपिन ही गोळी आधी देतात. अंगावर पुरळ उठले तर लगेच कळवावे लागते. गोळीने भागले नाही तर शस्त्रक्रियेचा मार्ग असतो. आमच्या स्नेह्यांना गोळीने आराम आहे. दोन दाढांचे दुःख तेवढे राहिले.

तिसरी वेदना नागिणीची. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत साफ खोटी आहे. परंतु गेरू लावण्यात आणि मंत्र टाकणाऱ्याकडे जाण्यात पहिले तीन दिवस गेले की खरे नुकसान होते. पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हाव्यात असे डॉक्टर सांगतात. साठीनंतर नागीण झाली तर पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने, कधी वर्षे, त्या पट्ट्यात आग राहू शकते. नागिणीची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतातही मिळते, पन्नाशीनंतर घेता येते. स्वस्त नाही, पण दुकानाच्या विम्याचा हप्ता आपण विनातक्रार भरतोच ना?

औषधाविना काय साधते, हे आता लिहितो. या भागात पुष्कळ भाबडेपणा आणि पुष्कळ विक्री चालते. माझ्यापुरते मी ठरविले की प्रत्येक उपाय रोजकीर्दीत लिहायचा. लांबट वहीत रोज रात्री तीन नोंदी : वेदना शून्य ते दहापैकी किती, झोप किती तास, आणि त्या दिवशी काय निराळे केले. दोन महिन्यांनी पाने उलटली तेव्हा वही माझ्या मतांशी सहमत नव्हती. महागडे तेल मला फार आवडे. वहीत त्याचा पत्ता नव्हता. चालण्याचा मला कंटाळा. पण तीस मिनिटे चाललेल्या दिवसांची रात्र सरासरी दीड गुणाने बरी होती. चालण्याने रक्ताभिसरण सुधारते, साखर आवरते, तोल सुधारतो. मात्र बुटांत चालायचे. मुरुडच्या किनाऱ्यावर सकाळची ओली वाळू सुखाची असते. दुपारची तीच वाळू बधिर तळव्यांना भाजून काढते आणि कळूही देत नाही.

झणझणीत मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मलमातून लावतात. पहिले काही दिवस आग वाढते, मग ती वर्दी देणारी टोके थकून गप्प होतात. याच कॅप्सेसिनच्या मागावरून डेव्हिड ज्यूलियस यांनी शरीर उष्णता कशी ओळखते हे शोधले आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. मलम फुटलेल्या कातडीवर लावू नये, आणि लावल्यावर हात धुण्यास विसरू नये. मी विसरून डोळे चोळले होते. फिजिओथेरपिस्टकडील टेन्स नावाचे यंत्र कातडीवर मंद विद्युतस्पंद देते. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ते आधारलेले आहे. लागलेल्या जागी आपण फुंकर घालतो, चोळतो, तेव्हा स्पर्शाचा निरोप वेदनेच्या निरोपाची वाट अडवितो, असा तो ढोबळमानाने सिद्धांत. मला त्याने तासाभराचा आराम पडतो. त्याचे पुरावे दुबळे आहेत, आणि पेसमेकर असणाऱ्याने ते लावू नये.

ध्यानाविषयी आपल्या वाचकांना मी काय सांगावे? आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रेक्षाध्यानाची पद्धत दिली. त्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेत जॉन काबट-झिन यांनी दीर्घ वेदनेच्या रुग्णांसाठी रुग्णालयातच ध्यानाचे वर्ग सुरू केले. वहीचा कौल असा की ध्यानाने माझा वेदनेचा आकडा फारसा उतरत नाही. झोप मात्र वाढते. आग तेवढीच असते, तिच्याशी चाललेले भांडण कमी होते. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे पूर्वी मी मांडी घालून बसत असे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारा मज्जातंतू अशा बैठकीत दाबला जातो आणि आधीच दुबळा असेल तर पाऊल लुळे पडू शकते, असे कळल्यापासून खुर्चीवर बसतो. पेढीवर दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत.

पायांची निगा आता सौभाग्यवतींच्या देखरेखीखाली आहे. रोज रात्री तळवे आरशात पाहायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, स्नानाचे पाणी आधी कोपराने पाहायचे. मंदिरात स्वच्छ सुती मोजे घालून जातो. गेल्या वर्षी कुटुंब पालिताण्याला निघाले. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या अनवाणी चढण्याचा माझा आग्रह होता. अनवाणी चढणार असाल तर आधी तुमचे तळवे तपासून आणू, असे सौभाग्यवतींनी सांगितले. मी डोलीतून गेलो. वर पोचल्यावर डोली उचलणाऱ्याच्या टाचेला भेग पडलेली मला दिसली, तेव्हा पहिला विचार आला तो त्याला ती जाणवत असेल ना, हा.

रोजकीर्दीत कालची नोंद अशी आहे : वेदना तीन, झोप साडेपाच तास, चाललो पस्तीस मिनिटे. पुढील महिन्यात अलिबागची फेरी आहे. प्रीगॅबालिनची मात्रा एका पायरीने उतरविता येईल का, हे विचारायचे आहे.